गाडी तापवून आणा

"ताई, एक सांगू का? या गाडीच्या मागे लेकराला उभं करत जाऊ नका."

दीनानाथकाका हे म्हणाले तेव्हा लेकरू माझ्या पोटात होतं. पाचवा महिना. मी हसले. म्हटलं, "काका, आधी त्याला उभं तर राहू द्या!" माझा नवरा सुयशही हसला.

मुनिरकाजवळच्या पेट्रोलपंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या यंत्राशेजारी पीयूसीची निळी केबिन आहे. काका तिथे बसतात. त्या दिवशी आम्ही टायरमध्ये हवा भरत होतो आणि आमचं मराठी ऐकून ते बाहेर आले. दिल्लीत असं होतं. गर्दीत नुसतं "अरे, ऐक ना" कानावर पडलं तरी माणूस वळून बघतो. आमचं गाव विचारून झालं, त्यांचं सांगून झालं, सातारा जिल्ह्यातलं कोरेगाव. मग त्यांनी दोनदा हवेचा वास घेतला आणि आमच्या लाल गाडीच्या मागे जाऊन वाकले.

"साहेब, हिचा मूळचा डबा काढलाय ना?"

"आधीच्या मालकानं काढला," सुयश म्हणाला. आवाजात जरा अभिमानच होता. "सरळ पाइप आहे. टर्बोपण मोठा टाकलाय, काका. प्रोग्रॅमिंग वेगळं. एकशे साठ हॉर्सपॉवर!"

"हं. आवाज मोठा आहे," काका म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून ते लेकराचं वाक्य.

मला तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसांना गरोदर बाई दिसली की काहीतरी सांगावंसं वाटतंच. कुणी म्हणतं पपई खाऊ नको, कुणी म्हणतं ग्रहणात बाहेर पडू नको. त्याच पेटीत हेही टाकलं.

आता मी एमएस्सी केमिस्ट्री. लग्नाआधी दोन वर्षं पुण्यात ज्युनियर कॉलेजला शिकवलंय. गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कसा निघतो, त्या डब्याच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप काय काम करतो, हे बोर्डावर आकृती काढून समजावलंय. पण बोर्डावरचं बोर्डावर राहिलं. घरची गाडी ही नवऱ्याची आवड असते, केमिस्ट्री नसते.

आणि आवड तरी केवढी! आठवडाभर गुरुग्रामच्या ऑफिसात "बिल्कुल सर, हो जाएगा सर" म्हणणारा माणूस रविवारी बॉनेट उघडून उभा राहिला की वेगळाच दिसायचा. कॉलेजात असताना मोटरस्पोर्टमध्ये जायचं होतं त्याला. सासऱ्यांनी इंजिनियरिंग करायला लावलं, तेही कॉम्प्युटरचं. लग्नानंतर वर्षभरानं ही सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा तो मला म्हणाला होता, "स्वरूपा, एवढी एकच गोष्ट माझी माझी आहे." मी ते वाक्य लक्षात ठेवलं होतं. काकांचं विसरले.

पहिली तीन वर्षं पीयूसी नीरजनं काढून दिलं. नीरज म्हणजे मुनिरका गावातल्या एका गल्लीत गाड्या 'बनवणारा' मुलगा, हातावर पिस्टनचं टॅटू असलेला. नंबरप्लेटचा फोटो आमच्या गाडीचा, आणि तपासणीची नळी भलत्याच गाडीच्या मागे. मला ते अर्धवट माहीत होतं, आणि मी पुढचं अर्धं विचारलं नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र सगळं एकदम आलं. पीयूसी नसेल तर पंपावर पेट्रोल मिळणार नाही, असा नियम निघाला. आमचं संपायला चार दिवस होते. नीरजला फोन केला तर तो म्हणाला, "भैया, अब नहीं होगा. वो सेंटर ही बंद हो गया."

सुयश म्हणाला, "काकांकडे जाऊ. आपला माणूस आहे."

हे 'आपला माणूस' दिल्लीतल्या मराठी लोकांचं मोठं दुखणं आहे. हजार मैलांवर कुणी कोरेगावचा भेटला की आपल्याला वाटतं, आता याच्याकडे नियम लागू नाहीत.

आम्ही गेलो तेव्हा काकांचं एका मोठ्या गाडीवाल्याशी चाललं होतं. तो खिडकीतूनच हात बाहेर काढून म्हणत होता, "अंकल, पर्ची दे दो बस. कितना टाइम लगाओगे?"

"गाड़ी ठंडी है. आईआईटी के फ्लायओवर तक घुमा के लाओ, फिर नली डालूँगा."

"दूसरी जगह दो मिनट में हो जाता है!"

"तो वहाँ जाइए ना साहब. मैंने पकड़ के रखा है क्या?"

तो गेला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्हाला बघून मात्र खूश झाले, आमच्या लेकाच्या, आशयच्या गालाला हात लावला. "केवढा झाला! अडीच वर्षांचा? वा." सुयशनं जरा आवाज खाली घेऊन म्हटलं, "काका, गाडीचं माहीतच आहे तुम्हाला. जरा बघा ना काही करता आलं तर. आपलेच आहात तुम्ही."

काकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. "म्हणून तर नीट नळी घालणार आहे, साहेब. जा, गाडी तापवून आणा. थंड गाडी खोटं बोलते."

आम्ही तापवून आणली. नळी घातली. केबिनमधल्या कॉम्प्युटरवर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा हलत हलत वर गेला आणि एक पूर्णांक आठवर थांबला. हवा होता तीन दशांशाच्या आत.

"नापास," काका म्हणाले. निकाल सांगणाऱ्या मास्तरांसारखं नाही, डॉक्टरांसारखं. "मूळचा डबा आहे का ठेवलेला? तो लावा, मेकॅनिककडून प्रोग्रॅमिंग पहिल्यासारखं करून घ्या. इंजिन चांगलं आहे हिचं. पास होईल."

"आहे की," सुयश रस्त्याकडे बघत म्हणाला. "घरी आहे. बाल्कनीत, गोणपाटात."

पण बाल्कनीत गोणपाट नव्हतं.

दिवाळीच्या आवराआवरीत मी ते कबाडीवाल्याला दिलं होतं. गंजलेला, दोन्हीकडे नळ्या असलेला एक लोखंडी डबा. तीन वर्षं तिथे पडून होता, खाली झुरळं. कबाडीवाल्यानं गोणपाट सोडून बघितलं, डबा काटासुद्धा न लावता सायकलवर ठेवला, आणि वर "भाभीजी, ये भी रख लो," म्हणून एक कोरी प्लास्टिकची बादली दिली. मला वाटलं, काय चांगला माणूस आहे!

एमएस्सी केमिस्ट्री.

घरी येताना जिन्यात सुयश म्हणाला, "शनिवारी काढतो तो डबा. आणि नाहीच झालं पास तर विकून टाकू. काय करणार." हे तो इतक्या सहज म्हणाला की मला रडू आलं. नवऱ्याची माझी माझी म्हणण्यासारखी एक गोष्ट, आणि तिचा जीव मी बादलीवर दिला होता.

दुसऱ्या दिवशी सुयश गाडी ठेवून मेट्रोनं ऑफिसला गेल्यावर मी आशयला बाबागाडीत घातलं, त्याच्या नाकावर मास्क लावला आणि पंपावर गेले. मास्कशिवाय मी त्याला हिवाळ्यात दाराबाहेर काढत नाही. गेल्या थंडीपासून त्याची छाती वाजते. घरात दोन एअर प्युरिफायर आहेत, खिडक्यांच्या फटींना मी फोमच्या पट्ट्या चिकटवल्यात, नेब्युलायझरच्या मास्कवर माशाचं चित्र आहे म्हणून त्याला 'मछली' म्हणतो तो. मासा म्हण, मासा, मी म्हणते. "मछली," तो म्हणतो.

काका डबा उघडून बसले होते. पोळी आणि वांग्याची भाजी.

"काका, तो डबा मी कबाडीवाल्याला दिला."

त्यांना आधी कळेना कुठला. कळल्यावर पोळीचा घास हातात तसाच राहिला. "काय दिलं त्यानं?"

"बादली."

काका हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तरी हसणं थांबेना. "ताई, प्लॅटिनमची बादली आहे ती. जपून वापरा!" पाणी पिऊन डोळे पुसत म्हणाले, "आता नाही मिळायचा तो. त्या लोकांना त्याची किंमत आपल्यापेक्षा चांगली कळते. दुसरा बघू. मायापुरीला अपघातातल्या गाड्या सुट्या करतात, तिथे माझ्या ओळखीचा आहे एक. याच मॉडेलचा मिळेल."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "सकाळी गाडी कुठे चालू करता?"

"खालीच. बिल्डिंगखाली."

"किती वेळ उभी ठेवता चालू?"

"पाच-सात मिनिटं. टर्बो आहे ना, इंजिन गरम झाल्याशिवाय काढू नये म्हणतो सुयश. थंडीत दहापण..." आणि मी थांबले.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. गाडीची जागा आशयच्या खोलीच्या खिडकीखाली. रोज सकाळी, तो झोपलेला असताना.

मी आकाशातली हवा तपासत होते. फोनवर दर तासाला आकडा बघत होते, शेतातला धूर, फटाके, बांधकामं, सगळ्या दिल्लीला शिव्या देत होते. आणि खिडकीखाली.

"मी सांगितलं होतं," असं काका म्हणाले नाहीत. ते उठले, एक रिक्षा मागे येत होती तिच्या धुरापासून बाबागाडी ओढून भिंतीच्या बाजूला नेली, चाकाला पायानं ब्रेक लावला आणि परत येऊन जेवायला बसले.

"आशयची छाती वाजतेय, ती तेवढ्यानंच असेल असं नाही हो," घास मोडत म्हणाले. "पण एक कमी करता येतंय तर करावं."

त्या दिवशी मी तासभर तिथे थांबले. आशय झोपला होता. काका कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. मुंबईहून येणारे अधिकारी, मंत्री, त्यांच्या घरच्यांना सरोजिनी नगरच्या बाजारात नेणं-आणणं. त्यांच्या पत्नी, शालिनीकाकू, काकांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी वारल्या. मुलगी शिवांगी पुण्यात आहे, दर रविवारी म्हणते, बाबा इकडे या.

"मग जात का नाही?"

"जाईन की. पण ताई, मी अठ्ठावीस वर्षं 'हो' म्हणालो. गाडी काढ, हो साहेब. थांब, हो साहेब. बाईसाहेबांचं झालं नाही अजून, हो साहेब. एकदा आमच्या हिला ताप होता, घरी जायचं होतं, तरी हो साहेब." त्यांनी केबिनच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला. "इथे बसून मी नाही म्हणू शकतो. कुणाची का गाडी असेना. एका इन्स्पेक्टरला पण म्हटलंय. आला होता दुसऱ्या दिवशी, डबा नवा टाकून, गाडी तापवून." एवढं सांगताना त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा आमच्या घरात आशयनं पहिल्यांदा बूट स्वतः घातल्यावर त्याचा झाला होता.

मंगळवारी त्यांची सुट्टी. त्या मंगळवारी दुपारी बेल वाजली तर दारात काका, खांद्यावर गोणपाट. मायापुरीहून मेट्रोनं आले होते, सुरक्षातपासणीत त्यांना त्या डब्यामुळे वीस मिनिटं उभं केलं होतं. मी पाणी आणेपर्यंत ते दाराजवळच्या स्टुलावर बसले, आणि पेला हातात घेऊन बराच वेळ पीतच नव्हते. श्वास आधी, पाणी नंतर, असं चाललं होतं. मला ती छाती ओळखीची वाटली.

"काका, डॉक्टरला दाखवलंत का?"

"थंडी हो, ताई. दिल्लीची थंडी." मग गोणपाटाकडे बोट करून, "साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. मी कुणाच्या घरात नळी घालत नाही."

सुयशला मी एवढंच सांगितलं की काकांना दुसरा डबा मिळाला, चांगला आहे म्हणाले, तोच लावू. तो "अच्छा" म्हणाला. आपला का नको, बाल्कनीतल्याचं काय, असं काही विचारलं नाही. मी उत्तरं तयार ठेवून बसले होते, ती तशीच राहिली.

शनिवारी नीरजनं गाडी लिफ्टवर चढवली. मोठा पाइप उतरवला, डबा बसवला, लॅपटॉप जोडून कंपनीचं मूळ प्रोग्रॅमिंग परत घातलं. चावी फिरवली तर गाडी नुसती कुजबुजली. नीरजनं कपाळावर हात मारला. "भाभी, शेर को बकरी बना दिया आपने!"

"बकरी दूध देती है," मी म्हटलं. "शेर क्या देता है?"

सुयश हसला, पण थोडंच. तो उतरवलेल्या पाइपाकडे बघत होता.

मग काकांकडे. ठरल्याप्रमाणे, "तापवून आणा." सुयश चालवत होता, मी शेजारी, आशय मागे त्याच्या सीटमध्ये. आउटर रिंग रोडला सिग्नल लागला. गाडी इतकी शांत होती की मागे आशय नाकात गाणं म्हणत होता ते ऐकू येत होतं. त्या शांततेतच मला राहवेना.

"सुयश, आपला डबा मी कबाडीवाल्याला दिला. दिवाळीत. मला माहीत नव्हतं तो काय आहे."

तो समोर बघत राहिला. "मला माहीत आहे."

"काय?"

"गोणपाटाच्या जागी नवीन बादली होती, स्वरूपा. मी काय आंधळा आहे?"

"मग बोलला का नाहीस? दोन महिने!"

सिग्नल सुटला. त्यानं गियर टाकला. "बोललो असतो तर तू विचारलं असतंस, एवढा महत्त्वाचा होता तर गाडीला का नव्हता." आणि आरशात मागे आशयकडे बघत, "त्याचं उत्तर नव्हतं यार माझ्याकडे. आशय खोकायला लागला की मला रोज वाटायचं आणि रोज मी खाली जाऊन गाडी चालू करायचो. आज शेवटचं, आज शेवटचं, असं करत."

आम्ही दोघंही त्याच खिडकीशी उभे होतो, एक खाली, एक वर. मी त्याच्या गियरवरच्या हातावर हात ठेवला. आयआयटीच्या फ्लायओव्हरवरून वळलो आणि परत आलो.

काकांनी नळी घातली. नंबरप्लेटचा फोटो काढला. आकडा वर गेला, जरा थरथरला, खाली आला. शून्य पूर्णांक बारा शतांश. मग त्यांनी इंजिनाचा वेग वाढवायला लावून पुन्हा बघितलं, तिथेही ठीक. प्रिंट निघाली. ती त्यांनी सुयशच्या हातात दोन्ही हातांनी दिली, प्रमाणपत्र देतात तशी.

"फर्स्ट क्लास, साहेब."

"काका, मला साहेब नका ना म्हणू."

"बरं साहेब."

त्या आठवड्यात सुयशनं शेजाऱ्यांशी बोलून गाडीची जागा बदलून घेतली, मागच्या भिंतीकडची. आता तो सकाळी चावी लावतो आणि निघतो. आशयला एकदम बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. दिल्ली ती दिल्लीच. पण जानेवारीत मछली फक्त तीनदा काढावी लागली. रविवारी सुयश अजून बॉनेट उघडतो. आता आशय शेजारी स्टुलावर उभा राहून "ये क्या है, बाबा?" विचारतो, आणि सुयश त्याला मराठीत सांगायला जातो आणि स्पार्क प्लगला मराठीत काय म्हणतात यावर दोघंही अडतात.

मार्चच्या शेवटी सुयशची पुण्याला बदली झाली. आम्हीच मागून घेतली होती. निघायच्या आदल्या दिवशी काकांना भेटायला गेलो. म्हटलं, आता तर तुम्ही याच, शिवांगीकडे आलात की आमच्याकडे. "येणार, येणार," म्हणाले. आम्ही गाडीत बसलो तेव्हा ते पंपाच्या फाटकापर्यंत सोडायला निघाले. पन्नास पावलं असतील. मी आरशातून बघत होते. मध्येच हवेच्या यंत्राला धरून ते थांबले. आम्हाला कळू नये म्हणून यंत्राची नळी गुंडाळायला लागले. मी काच खाली करून म्हटलं, "काका, बरं आहे ना?"

"थंडी हो, ताई."

आमच्या घरी तेव्हा पंखे लागले होते.

मी दर आठवड्याला फोन करते. "ठणठणीत," म्हणतात. शिवांगीचा नंबर घेऊन तिलाही विचारलं. तिलाही ठणठणीतच सांगतात. सुयश म्हणतो, तू उगाच काळजी करतेस, माणूस ठीक आहे म्हणतोय ना? म्हणतोय. माझी काळजी पुष्कळदा उगाच असते, हे मलाही मान्य आहे. पण अठ्ठावीस वर्षं 'हो' म्हटलेल्या माणसाच्या 'ठीक आहे'चा मला भरवसा वाटत नाही, आणि फोनवरून छाती ऐकू येत नाही.

तुमच्यापैकी कुणी दिल्लीत असाल, मुनिरकाच्या बाजूनं जाणं होत असेल, तर एकदा थांबाल का? पीयूसीची मुदत संपलेली नसली तरी चालेल. त्यांना हाक मारून बाहेर बोलवा, काहीही निमित्त काढून चार पावलं बरोबर चालवा. आणि ते मध्ये कुठे थांबतात का, तेवढं बघून मला कळवा.